शेवटच्या फेरीची घंटा

आमच्या हायस्कूलच्या वेळापत्रकात बुधवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला 'शा.शि./संगीत' असं लिहिलेलं असायचं. शा.शि. म्हणजे शारीरिक शिक्षण. मधली ती तिरकी रेघ कुणी मारली देव जाणे, पण शिक्षक रेघेच्या अलीकडंही नव्हता आणि पलीकडंही नव्हता. खेळाचे सर बदलून गेले ते गेलेच, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. संगीताचे सर तर कधी नेमलेच नव्हते. नुसती पेटी आली होती. ती ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली, आणि तिच्या भात्यात उंदरानं संसार मांडलेला.

मग हे दोन्ही विषय शिकवायचे कुणी? तर शिपायानं. हसू नका. माझे पाय त्या शिपायानं घडवलेत, त्यामुळं ह्या गोष्टीला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून ठेवते. त्याच रागापायी मी एकदा काय बोलून बसले, तेही पुढं सांगणार आहे.

शिपायाचं नाव सिद्धू. शाळेतले शिपाई सगळ्यांचेच मामा असतात, म्हणून सिद्धूमामा. कळस गावाच्या पुढं माळावर आमचं गाव. पाणी आलं तसे खालच्या अंगाला उसाचे मळे झाले, आमचाही त्यातच. वरच्या अंगाला मेंढरं राखणारी घरं होती, त्यांची मेंढरं हळूहळू कमी होत गेली. मामांच्या घरचा कळप त्यांच्या वडलांबरोबर संपला. मामांच्या वाट्याला आला एक ढोल, आणि मग शाळेतली ही नोकरी. उंच माणूस, खाकी शर्ट, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल. हेडसर समोर आले की टॉवेल खांद्यावर यायचा, सर गेले की परत डोक्यावर.

शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यासमोरच्या लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. भिगवणहून कुणीतरी कधीतरी आणलेला. तास बदलला की मामा लोखंडी दांड्यानं एक टोल द्यायचे. शाळा सुटली की घणघणघणघण, हात दुखेपर्यंत. ती लांब घंटा झाली की पोरं वाक्य अर्धं सोडून पळायची. आमच्या गावात बायका त्या घंटेवर चुलीला जाळ घालायच्या.

तर हेडसर आप्पासाहेब. माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकणारा. एका बुधवारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मामांना सांगितलं, की शेवटच्या तासाला पोरं मैदानात ने आणि दंगा होऊ देऊ नको, बाकी काय करायचं ते कर. मामांनी त्या 'काय करायचं ते कर'चा अर्थ मनावर घेतला. पुढच्या शुक्रवारी ते सायकलच्या कॅरेजला घोंगडं बांधून, घोंगड्यात गुंडाळून घरचा ढोल घेऊन आले.

आमच्याकडं धनगरी ढोलावर गजी नाच होतो. बाप्ये फेर धरतात, हातात रुमाल, ढोलाबरोबर पाय पडतात, वय विचारू नका, साठीचा म्हातारासुद्धा तासतासभर थांबत नाही. मामांनी पोरांना तोच फेर शिकवायला घेतला. झालं, संगीत झालं. मग फेराचं टोक सोडवून सगळ्यांना मैदानाच्या कडेनं पळायला लावलं, ढोल तसाच चालू. झालं, शा.शि. झालं. तिरकी रेघ गेली कुठल्या कुठं.

पोरी तेव्हा कडेला बसून पोरांचे रुमाल सांभाळायच्या. मी सातवीत होते. एक शहाणा मला म्हणाला, की तू रुमाल मोज, पोरींना काय पळता येतंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हातातले सगळे रुमाल त्याच्या तोंडावर फेकले आणि त्याच्या मागं पळत सुटले, त्याला मारायला. तो पुढं, मी मागं, मैदानाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी तो सापडेना आणि मी थांबेना. मामांनी मला अडवलं नाही. उलट ढोल वाढवला. तिसऱ्या फेरीला पोरगं बसकण मारून रडायला लागलं, मग मला त्याची दया आली.

तास संपल्यावर मामांनी मला बोलावलं. मला वाटलं आता हेडसरांकडं नेणार. ते म्हणाले, "रेशमे, तुजं पाय ऐकत्यात. पाय आधी ऐकत्यात, डोकं मागनं येतंय. असं लई कमी जणांचं असतंय." नाव माझं रेश्मा, दत्तोबाची थोरली. पण मामांच्या तोंडी रेशमेच. मला आजवर कुणी एवढी मोठी शाबासकी दिलेली नाही.

त्या दिवसापासून चार वर्षं मी ढोलावर पळाले. मामांकडं सेकंदाचं घड्याळ नव्हतं, शिट्टी होती ती पोरांनी हरवली. हेडसरांनी एकदा खुर्चीत बसूनच विहिरीच्या दोरानं मैदान मोजवून घेतलं, पाच फेऱ्यांचे पंधराशे मीटर होतात म्हणून. बास, एवढंच आमचं शास्त्र. पहिल्या चार फेऱ्यांना मामा ढोल एका ठेक्यात ठेवायचे, त्याला ते चाल म्हणायचे. चालीत दम राखायचा. चौथी फेरी संपून पाचवीला पाय टाकला की ढोल बदलायचा, ती दुडकी. दुडकी लागली की जीव खाऊन पळायचं. फेऱ्या मोजायचं काम कधी माझं नव्हतंच, ढोल मोजायचा. मेंढरं पळवताना पुढच्या मेंढीला कुणी ओढत नाही, मागनं आवाज देतात, तसं, असं ते सांगायचे. मी म्हणायचे, मामा, मला मेंढरू म्हणू नका. त्यावर ते म्हणायचे, मेंढरू बरं, ते रागावत तरी न्हाय.

आता इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शेवटचा तास असल्यामुळं पाच वाजता शाळा सुटायची घंटाही मामांनाच द्यायची असायची. ऑफिसच्या खिडकीतून भिंतीवरचं घड्याळ दिसायचं. मामांचा एक डोळा त्या घड्याळावर, एक माझ्यावर. ते मला अशा बेतानं पळायला सोडायचे, की पाचवी फेरी संपवून मी लिंबाखाली यायला आणि पाच वाजायला एकच गाठ पडावी. मी लिंबाजवळ आले की ते ढोलाचं टिपरू टाकायचे, दांडा उचलायचे आणि घणघणघण. मी गुडघ्यावर हात टेकून थांबायची, पोरं वर्गातून बाहेर यायची. एका दमात दोन कामं. ह्यात काही चुकतंय हे त्यांना कळलं नाही, मला कळलं नाही, आणि हेडसर तर खुर्चीतच.

दहावीला गेले ते चौऱ्याण्णव साल. इंदापूरला तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. तिथं एक सर हातातली वही हलवत 'शेवटची, शेवटची' म्हणून ओरडत होते. मामा मैदानाबाहेरून मांडीवर ठेका धरून होते. मी पंधराशे मीटरला पहिली आले. गावात पेढे वाटले हेडसरांनी, आणि भाषणात मामांचं नाव घ्यायचं विसरले. मी मधेच उठून आठवण करून दिली. मग घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर तात्या, म्हणजे माझे वडील, किटली घेऊन रांगेत. मी सोबत. वीसेक माणूस असेल. कुणीतरी म्हणालं, दत्तोबा, आता पोरगी बारामतीला कॉलेजात घाला. गावात दहावीच्या पुढं शाळा नव्हती. पुढं शिकायचं तर बारामतीला वसतिगृहात राहायचं. तात्यांना ते नको होतं. पोरगी परगावी ठेवायची म्हणजे जिवाला घोर, हे त्यांचं पालुपद. पण चारचौघांत नाही तरी कसं म्हणायचं? ते म्हणाले, "जिल्ह्याला पयली येऊ द्या, घालतो. न्हाय आली तर धावी बास."

बोलणारा बोलून गेला, पण आमच्याकडं डेअरीवरचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. वीस माणसांनी ऐकलेला. मी घरी येऊन आईपुढं भांडी आदळली. आई, कौसल्या तिचं नाव, शांत बाई, ती म्हणाली भांड्यांना पोचे पाडून बारामती जवळ येत नाही. तीन दिवस मी तात्यांशी बोलले नाही.

मामांच्या कानावर हे गेलंच. दुसऱ्या दिवसापासून बुधवार-शुक्रवार संपला आणि रोज सुरू झालं. हेडसरांनी रोजच्या शेवटच्या तासाची परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे उपकार मानायलाच हवेत. मामांची बायको म्हाळसामामी रोज पळून झालं की गूळ-शेंगदाण्याची मूठ पाठवायची. गूळ खाताना मामा बाजूला बसून माझ्या तळपायातले काटे काढायचे. बाभळीचा काटा काढताना मी शिव्या द्यायची, काट्याला. ते म्हणायचे, दे, दे, काट्याला राग येत न्हाय.

जिल्ह्याच्या स्पर्धा बारामतीला होत्या. उद्घाटनाला शाळांचे कार्यक्रम ठेवले होते, त्यात आमच्या शाळेचा गजी नाच. त्यामुळं ढोल सोबत. सकाळची एसटी पकडली. मी, तात्या, हेडसर, नाचाची बारा पोरं आणि मामा. कंडक्टर म्हणाला ढोल टपावर टाका. मामा म्हणाले वर ऊन लागतंय, कातडं ताणतंय. कंडक्टर ऐकेना. मी बोलायला तोंड उघडलं तर मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे गप बस. शेवटी बारामतीपर्यंत ते दारापाशी उभ्यानं आले, ढोल पोटाशी धरून. बसायला जागा होती, तरी. ढोल कुणाच्या पायात येऊ नये म्हणून.

मैदान बघून माझी पाचावर धारण बसली. केवढी ती फेरी! आमच्या मैदानापेक्षा लांब, चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्या आखलेल्या. पाच फेऱ्या नाहीत, पावणेचारच, असं सांगितलं. शेजारच्या पोरीच्या पायात खिळ्यांचे बूट. मी अनवाणी. नाच झाला, पोरांनी मैदान गाजवलं, बारामतीची माणसं उभी राहून बघत होती. मामांनी ढोल घोंगड्यात गुंडाळला आणि दोरीच्या बाहेर जाऊन बसले, तात्यांच्या शेजारी. शर्यत चालू असताना वाजवायचं नाही, असं एका सरांनी बजावलं होतं.

शर्यत सुटली. ढोल नव्हता, पण चाल माझ्या डोक्यात होतीच. पहिली फेरी मी मधे होते. दुसरीत पुढं सरकले. मागं खिळ्यांचे बूट करकर करत होते, ते आवाज हळूहळू लांब गेले. दम राखलेला, पाय हलके. मी सगळ्यांत पुढं होते. रेषेपाशी आले, आणि घंटा झाली.

घणघणघणघण.

एका सरांनी टेबलावर पितळी घंटा ठेवली होती, ती ते वाजवत होते. शेवटची फेरी राहिली की पुढच्या माणसाला घंटा देतात, ही जगाची रीत. सगळ्या जगाला माहीत. आमच्या लिंबाखाली माहीत नव्हती.

मी थांबले.

गुडघ्यावर हात टेकले. शाळा सुटली. बारामती झाली, वसतिगृह झालं, डेअरीवरचा शब्द झाला. मी मान वर करून तात्यांकडं बघितलं आणि हसले. तात्या हात वर करून ओरडत होते, मला वाटलं आनंदानं. माझ्या बाजूनं खिळ्यांचे बूट गेले. मग आणखी एक पोरगी गेली. आणखी एक. तुम्हांला खोटं वाटेल, मला त्यांची कीव आली. बिचाऱ्या अजून पळतायत, म्हणलं. सगळं मैदान मला काहीतरी सांगत होतं, आणि त्या गोंगाटातला एकही शब्द माझ्या डोक्यात शिरत नव्हता.

आणि मग ढोल वाजला.

घोंगडं भिरकावून मामा उभे राहिले होते. चाल नाही. दुडकी. पाचव्या फेरीची दुडकी.

पाय आधी ऐकतात, डोकं मागनं येतं. माझे पाय निघाले. पन्नास पावलं गेल्यावर डोक्यात उजेड पडला की शर्यत संपलेली नाही, आणि तेव्हा जो राग आला, त्या रागावर मी काय पळाले! कुणावरचा राग ते माहीत नाही, घंटेवरचा, स्वतःवरचा. ढोल मैदानभर घुमत होता. एकीला गाठलं. वळणावर दुसरीला गाठलं. खिळ्यांचे बूट पुढं दिसत होते, जवळ येत होते, हात लांब केला असता तर वेणी धरता आली असती. आणि रेषा आली. ती पहिली, मी दुसरी.

एका हाताचा फरक.

मी मातीत बसले. मामा पळत आले, ढोल तसाच कमरेला. त्यांच्या मागं ते मघाचे बजावणारे सर, वाजवायचं नाही सांगितलं होतं म्हणून रागावत. मामांनी त्यांना हात जोडले, आणि माझ्यापुढं वाकले, पाय बघायला. मी त्यांचा हात झटकला. सगळ्यांच्या समोर मी त्यांना बोलले. "तुमीच शिकिवलं. घंटा म्हंजी थांबायचं, तुमीच शिकिवलं. माजं वाटोळं केलं तुमी."

ज्या माणसानं चार वर्षं माझ्या पायातले काटे काढले, त्याला.

मामांनी क्षणभर लिंबाकडं बघावं तसं त्या पितळी घंटेकडं बघितलं. चूक कुठं झाली ते त्यांना तेव्हाच कळलं असावं. "व्हय," एवढंच म्हणाले. मग डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, जसा हेडसरांपुढं घ्यायचे, आणि माझ्या बापापुढं जाऊन उभे राहिले. तात्यांनी त्यांना कधी टॉवेल काढायला लावला नव्हता, दोघं एका वयाचे. मामा म्हणाले, "दत्तोबा, पोरगी हरली न्हाय. चार वर्सं घंटा मी चुकीची वाजिवली. शिक्षा करायची तर मला करा, तिची शाळा तोडू नका."

तात्या नळावर जाऊन पाणी प्यायले. परतीच्या गाडीत मामा ढोल पोटाशी धरून दारापाशी उभे, मी खिडकीला डोकं टेकून. इंदापुरात पहिली आले तेव्हा रस्ता किती लहान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या म्हणाले, किटली घे. मला जायचं नव्हतं. डेअरीवर तीच वीस माणसं असणार, आणि तसंच झालं. एकजण मिश्कीलपणे म्हणाला, काय दत्तोबा, दुसरी आली म्हणं, मग धावी बास ना? मी मान खाली घातली. तात्यांनी किटली खाली ठेवली.

"पयली आली तिला नुसतं पळाया येतंय," ते म्हणाले. "माजी थांबून परत पळाली. असली पोरगी घरात बसवून मी काय करू? जूनला बारामतीला घालनार हाय."

दूध मोजणाऱ्यानं माप तसंच हातात धरून ठेवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते किटलीत बघत लपवलं. बापाचा शब्द मोडला म्हणतात लोक, माझ्या बापानं तो मोडला नाही, मोठा केला. ज्या जागी दिला त्याच जागी. आणि हे सगळं त्यांच्या डोक्यात कुणी घातलं, तर टॉवेल काढून उभ्या राहिलेल्या माणसानं.

बुधवार उजाडला. मामांनी ठरवलं होतं की पुन्हा आपल्या शाळेचं पोरगं घंटेला थांबायचं नाही. खालच्या वर्गातली पाच-सहा पोरं पळत होती. चौथी फेरी संपली, तशी मामांनी दांडा उचलला आणि शेवटच्या फेरीची घंटा दिली. बारामतीसारखी, लांब. घणघणघण. साडेचार वाजले होते. सगळी शाळा दप्तरं घेऊन बाहेर! बीजगणित शिकवणारे सर हातात खडू घेऊन दारात. गावात बायकांनी अर्धा तास आधी चुली पेटवल्या. हेडसर पहिल्यांदा खुर्ची सोडून मैदानात आले, आणि पोरांच्या लोंढ्याबरोबर फाटकापर्यंत गेले ते परत यायला त्यांना दहा मिनिटं लागली. मामांना मेमो द्यायची भाषा झाली. मग हेडसरच वरमले, कारण काय झालं ते त्यांनी बारामतीला डोळ्यांनी बघितलं होतं.

तोड मामांनीच काढली. तासाला एक टोल. शाळा सुटायला लांब घंटा. आणि शेवटच्या फेरीला दोन टोल, जोडून. टण टण. एक म्हंजी तास संपला, थांब, दोन म्हंजी अजून पळायचं हाय, असं ते पोरांना शिकवायला लागले. आणि दुसऱ्या गावाला गेलात तर घंटा कशीबी वाजू दे, माणूस 'बास' म्हनस्तवर थांबू नका, हेही. त्यांच्या हाताखालनं पुढं कितीतरी पोरं-पोरी जिल्ह्याला गेल्या. घंटेला कुणी थांबलं नाही.

मी मामांची माफी मागितली का? नाही. आमच्याकडं माफी हा शब्द तोंडातून निघत नाही, आणि माझ्या तर मुळीच नाही. बारामतीला जाताना मी त्यांना एक नवा टॉवेल दिला. त्यांनी तो डोक्याला गुंडाळला आणि रंग बरा हाय म्हणाले. सुट्टीला आले की त्यांच्याकडं जायचे, मामीच्या हातची भाकरी खायचे, ढोलावर डोकं टेकून बसायचे. ती एक गोष्ट मात्र घशाशी येऊन परत जायची. त्यांनी कधी आठवण काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं.

मी काही मोठी धावपटू झाले नाही. कॉलेजात तीन वर्षं पळाले, चार ढाली मिळाल्या, मग गुडघा गेला. पण बी.ए. झाले, आणि पुढं एसटीत कंडक्टर म्हणून लागले. बारामती आगार. माझ्या तोंडाला सगळे प्रवासी घाबरतात, पण ढोल घेऊन कुणी चढलं तर मी टपावर टाकायला लावत नाही. आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी, गाडीतली दोरी हातात देऊन जुन्या कंडक्टरनं मला शिकवलं, बाई, एक घंटी दिली की ड्रायव्हर थांबतो, दोन दिल्या की निघतो, तेव्हा मला एवढं हसू आलं, की त्याला वाटलं ह्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही. हे मला आधीच शिकवलेलं होतं. लिंबाखाली.

मामा निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा माझ्या गाडीत चढले तो दिवस सांगते आणि थांबते. टॉवेल मी दिलेला तोच, विटलेला. मी त्यांना पुढच्या बाकावर बसवलं. ते शेजारच्याला सांगत होते, ही आमच्या शाळंची, जिल्ह्याला पळालेली. दुसरी आली हे त्यांनी सांगितलं नाही. मला तिकिटं फाडताना समोरचं दिसेना. आपल्याला कुणी शिकवलं म्हणून आपण माणसात आलो, हे कळायला वय लागतं. मला तेव्हा ते पुरतं कळलं. कुणाच्या तरी आयुष्याला असा एक सिद्धूमामा मिळाला, की पुढचं देवाकडं मागायचं काही राहत नाही.

आमच्या गावचा फाटा आला. मी एक घंटी दिली. गाडी थांबली. मामा सावकाश उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी दारात उभी. माझा हात दोरीवर होता, पण दोरी ओढवेना. गाडीतली माणसं चुळबुळ करायला लागली. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला.

मी म्हणाले, "मामा, त्या दिवशी बारामतीला मी तुमाला लई वाईट बोलले."

मामांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. मग टॉवेल नीट केला.

"दोन दे पोरी," ते म्हणाले. "एका घंटंवर किती येळ थांबायचं मानसानं?"

मी दोरी दोनदा ओढली.